उजेडाची रेघ

१

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात गावातली सगळी नाजूक झाडं माझ्याकडे येतात. कुणी ट्रॅक्टरवर आणतं, कुणी हातगाडीवर, आणि खानावळीची भलीमोठी कण्हेर तर चौघांच्या खांद्यावरून वरातीसारखी येते. कण्हेरी, लिंबोण्या, डाळिंबं, अंजिरं, दोन घायपात. उन्हाळाभर ही मंडळी लोकांच्या पायऱ्यांवर मिरवतात. पहिलं दव गोठलं की मात्र त्यांना छप्पर लागतं.

आमच्या गावची बिअरची भट्टी बंद पडून तीस वर्षं झाली. सातूला मोड आणायची तिची कमानींची कोठी मात्र अजून धडधाकट आहे. हातभर जाड भिंती, दक्षिणेला सात खिडक्या. बाहेर उणे वीस असलं तरी आत पारा चार-पाचाच्या खाली जात नाही. माझी आई इथे झाडांचा हिवाळा काढायची, आता मी काढते. आमचं स्वयंपाकघर आणि कोठी यांच्यात एकच भिंत आहे. त्या भिंतीत एक लाकडी झडप आहे, पूर्वी तिच्यातून दाणे ओतायचे.

काम सोपं आहे, पण ज्याला हात आवरत नाही त्याचं ते नाही. हिवाळ्यात झाडं पाण्याने मरतात, तहानेने नाही. म्हणून बोटाच्या पेराने कुंडी वाजवून बघायची. ठणठण वाजली तर घोटभर पाणी, बद्द वाजली तर पुढे. आणि एकदा ठेवलेली कुंडी फिरवायची नाही. झाड उजेडाकडे तोंड करून झोपतं, फिरवलं की पानं गाळून बसतं. त्यासाठी प्रत्येक कुंडीच्या खिडकीकडच्या अंगावर मी खडूने उभी रेघ मारते. आई तिला उजेडाची रेघ म्हणायची.

कुंडी फिरवायची ती एकाच कारणाने. मालक वारला तर. गावात मरणघंटा वाजली की मी हात पुसून कोठीत जाते, त्या घरच्या कुंडीवर तीनदा टकटक करते, तिला अर्धी फिरवून रेघ भिंतीकडे करते आणि सांगते, "ऐक गं. तुझा मालक गेला. आता तुझी मालकीण अमुक. मरू नकोस." दफन झालं की पुन्हा सरळ करते. न सांगितलेलं झाड वसंत बघत नाही. चर्चचे फादर इकडे काणाडोळा करतात, कारण त्यांचंही अंजीर माझ्याकडेच असतं.

"झाडाला तारच पाठव ना," असं माझा नवरा व्हिटस दरवेळी म्हणतो. "वर शोकसंदेश, खाली तुझी सही."

व्हिटसने चाळीस वर्षं दगडाच्या खाणीत काढली. सुरुंगांनी त्याचे कान अर्धे नेले आणि धुळीने फुप्फुसं. त्या ऑक्टोबरमध्ये डॉक्टरीणबाईंनी मला दाराशी नेऊन सांगितलं, "आफ्राबाई, ही थंडी निघाली तर पुढचं बघू. मे उजाडू दे." मी मनात म्हटलं, बाई, दर हिवाळ्यात शंभरावर जीव थंडीतून तारून नेते मी, एक खाणवाला नेता येणार नाही? मे महिन्यात शेवटच्या थंडीचे चार दिवस येतात, आम्ही त्यांना संतांच्या नावांनी ओळखतो: आधी बर्फाचे तीन संत आणि त्यांच्या मागून थंडगार सोफी. सोफीचा दिवस सरला की झाडं बाहेर. त्याच दिवशी व्हिटसची खुर्चीही बाहेर काढायची, असं मी ठरवून टाकलं.

२

नोव्हेंबरात एका सकाळी कोठीत गेले तर खानावळीच्या कण्हेरीची रेघ दिसेना. वाकून बघितलं. रेघ भिंतीकडे होती.

ती कुंडी म्हणजे बिअरचं अर्धं पिंप, मातीसकट दीडशे किलो. फरशीवर घासल्याची खूण नव्हती. मी पहार घालून ती पुन्हा सरळ केली. डाव्या खांद्यातून कळ आली, पण झारी वाहून वाहून तो खांदा दुखतच असतो.

स्वयंपाकघरात व्हिटस डोक्यावर हॅट घालून तपकीर ओढत बसला होता. त्याची हॅट झोपताना तेवढी उतरते. एकदा बिशप गावात आले तेव्हाही त्याने ती उतरवली नव्हती. म्हणाला, "ते तरी त्यांची कुठे काढतात?"

"कण्हेर तू हलवलीस?" मी ओरडून विचारलं.

"मी? मला बुटाची नाडी बांधायला दोनदा दम खावा लागतो. तूच रेघ उलटी मारली असशील. वय झालं तुझं, म्हातारे."

असेलही, म्हटलं. ऑक्टोबरात एका दिवसात चाळीस कुंड्या लावल्या होत्या. मग कांदा चिरायला बसले, तेव्हा झडपेपलीकडून कुणीतरी हलक्या आवाजात बोलत असल्यासारखं वाटलं. शेजारच्यांचा रेडिओ असणार. कमानींत आवाज कुठून कुठे जातो याचा नेम नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मरणघंटा वाजली. खानावळीच्या ओटिलीबाई, वय सत्याऐंशी, सूप पिता पिता गेल्या. या वयात माणूस जातंच. मी हात पुसले, कोठीत गेले, आणि काल सरळ केलेली कण्हेर पुन्हा फिरवली.

३

जानेवारीत एमेरामच्या लिंबोणीची रेघ भिंतीकडे गेली.

एमेराम लाकडाच्या गिरणीचा मालक, वय बेचाळीस, बैलासारखा माणूस. लग्नानंतर इटलीला गेला होता तेव्हा ही लिंबोणी मांडीवर घेऊन परत आला होता. मी कुंडीजवळ उकिडवी बसले आणि स्वतःला समजावलं की खडू दमट हवेत पुसला जातो आणि डोळ्याला हवं ते दिसतं. मग पलीकडच्या अंगावर बोट फिरवलं. बोटाला खडू लागला.

मी लिंबोणी सरळ केली, कोठीला कुलूप घातलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. परत येऊन चुलीवर भांडं ठेवलं. व्हिटस आत झोपला होता. तेवढ्यात झडपेपलीकडे टकटक झाली. तीनदा.

रेडिओ टकटक करत नाही. मी झडपेला कान लावला. एक बाई बोलत होती. "ऐक गं. तुझा मालक गेला." मग जरा थांबून घसा खाकरला. कुठल्याशा काचेवर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. "आता तुझी मालकीण लिओकाडिया. मरू नकोस."

लिओकाडिया म्हणजे एमेरामची बायको. मी झडप उघडली नाही. हे सांगायला मला लाज वाटते, पण नाही उघडली. बराच वेळाने कुलूप काढून आत गेले तर आत झाडांशिवाय कुणी नव्हतं.

मग शाल गुंडाळली आणि बर्फातून गिरणी गाठली. एमेराम कोबी आणि पावाचे गोळे खात बसला होता.

"या आठवड्यात करवतीला हात लावू नकोस," मी म्हटलं.

"का मावशी, पत्त्यांत भविष्य बघितलंत माझं?"

"स्वप्न पडलं वाईट. माझं ऐक. घरी बस."

तो हसला, पण लिओकाडिया हसली नाही. तिने त्याला दोन दिवस गिरणीत जाऊ दिलं नाही. रिकामं बसवेना म्हणून तिसऱ्या दिवशी तो ओसरीपुढचा बर्फ उपसायला निघाला. छपरावरचा सगळा थर एकदम खाली आला. फावड्याचा दांडा तेवढा वर दिसत होता.

घंटा वाजली. मी कोठीत गेले. टकटक केली, कुंडी फिरवली. "ऐक गं. तुझा मालक गेला." एवढं म्हटलं आणि जरा थांबले. मी खाकरले. त्याच क्षणी एक चिमणी खिडकीच्या काचेवर येऊन आपटली.

पुढचं वाक्य म्हणायला मला फार वेळ लागला. तीन दिवसांपूर्वी भिंतीपलीकडे जी बाई बोलत होती ती मीच होते.

आणि मी त्याला घरी बसवलं नसतं तर तो गिरणीत असता. हे मी कुणाला सांगितलं नाही. लिओकाडियाला समजतंय असं तिच्या डोळ्यांवरून वाटतं.

४

आता आमच्या मेंदीबद्दल सांगायला हवं. विलायती मेंदी. आमच्याकडे नवरीच्या डोक्यावर तिचा मुकुट असतो. लग्न झालं की मुकुटातली एक डहाळी काढून मातीत खोचायची. ती जगली तर संसार जगला. माझी जगली. अडतीस वर्षांत माझ्या खांद्याएवढी झाली. मुलंबाळं झाली नाहीत आम्हाला, ही एक झाली.

प्रत्येक कुंडीला पत्र्याचा बिल्ला असतो, त्यावर मालकाचं नाव. आमच्या मेंदीच्या बिल्ल्यावर व्हिटसने थट्टेने स्वतःचं नाव रंगवून ठेवलं होतं. 'व्हिटस श्रेडल, मालक.' मी भांडले होते, कारण मुकुट माझ्या डोक्यावर होता. तो म्हणाला, "पण आत-बाहेर उचलून कोण नेतं? हमालाचा काही हक्क आहे की नाही?" बिल्ला तसाच राहिला.

एमेरामच्या दफनाहून आले आणि पहिलं काम केलं ते मेंदीचं. व्हिटसने खाणीत असताना घडवलेले ग्रॅनाइटचे चार चौकोनी दगड अंगणात पडून होते. एकेक करून आत नेले आणि मेंदीच्या कुंडीला चारी बाजूंनी असे घट्ट लावले की सुई जाऊ नये. खांदा दोन दिवस बोंबलला. बोंबलू दे, म्हटलं. जे काही त्या कोठीत फिरतं, त्याला आधी माझे दगड हलवावे लागतील.

व्हिटसवरही पहारा बसवला. जिना बंद, अंगण बंद, तपकीर अर्ध्यावर. छपरावरचा बर्फ पैसे देऊन उतरवून घेतला.

"अगं, मला पण खडूची रेघ मार की," तो म्हणाला. "म्हणजे चुकून कुणी फिरवायला नको."

त्याला वाटलं मी चिडेन. मी एप्रनच्या खिशातून खडू काढला आणि त्याच्या खुर्चीच्या पाठीवर, खिडकीच्या बाजूला, उभी रेघ मारली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

"आफ्रा, एवढी घाबरलीयस?"

"घाबरले नाही. तुला सोफीपर्यंत नेणार आहे, बस."

५

फेब्रुवारी गेला. व्हिटसचा खोकला जरा सैल झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय खायला घालता हो?" मार्च लागला तशी कण्हेरीच्या टोकांना हिरवे ठिपके आले, आणि मला वाटायला लागलं की जमलं बरं का.

परवा सकाळी मेंदीची रेघ भिंतीकडे होती.

चारी दगड जागच्या जागी होते. मी पोस्टकार्ड घालून बघितलं, ते जाईना. त्या चौकटीच्या आत कुंडी अर्धी फिरली होती आणि एकही पान गळलं नव्हतं. व्हिटसचं नाव असलेला बिल्ला अंधाराकडे तोंड करून होता.

मी रडले नाही. दगड काढले, कुंडी सरळ केली, दगड पुन्हा लावले, आणि घरात येऊन व्हिटसला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं.

"इथून उठायचं नाही. संडासला जायचं तरी मला सांगून."

"शाळेत घातलंस की काय मला?"

"हो. आणि बाई कडक आहे."

जिवाचा आटापिटा म्हणतात तो मी केला. त्याचं जेवण कुस्करून दिलं, घशात अडकायला नको म्हणून. चुलीतला जाळ कमी केला. सुऱ्या उचलून ठेवल्या. तो झोपला की छातीवर हात ठेवून श्वास मोजला. एमेरामला घरी बसवून मी मारलं होतं, हे डोक्यातून जात नव्हतं. मी याला बसवतेय ते बरोबर की चूक, हे सांगणारं कोणी नव्हतं. तरी बसवलं. दुसरं काही मला येत नाही, जीव आत घेऊन दार लावणं एवढंच येतं.

६

काल सकाळी अकराला व्हिटस माझ्यासमोर बसून बटाटे सोलत होता. सुरी नाही, सोलाणं दिलं होतं. हॅट डोक्यावर, सालींची भली मोठी रास मांडीवर. मी त्याच्यापासून चार हातांवर उभी होते.

झडपेपलीकडे पावलं वाजली. सावकाश, फरपटत, मध्ये दम खात. मग दगड सरकल्याचा आवाज, एक, दोन, तीन, चार. टकटक झाली नाही. टकटक करायची असते हे ज्याला माहीत नाही असं कुणीतरी आत होतं.

मग खोकला ऐकू आला. अडतीस वर्षं मी त्या खोकल्याच्या शेजारी झोपले आहे.

मी व्हिटसकडे बघितलं. तो बटाट्यातला डोळा उकरत होता. त्याला काही ऐकू आलं नव्हतं, त्याला ऐकू येतंच कुठे.

"ऐक," पलीकडून तोच आवाज आला. "ऐक गं. ते काय म्हणायची ती, मला नीट आठवत नाही." बराच वेळ नुसता श्वास. "आफ्रा गेली गं. आता मीच आहे. मला यातलं काही येत नाही. मरू नकोस."

या वेळी मी झडप उघडली. दोन बोटं, जास्त नाही. खिडक्यांचा उजेड डोळ्यांवर आला, त्यात मेंदी दिसली, आणि तिच्यापुढे वाकलेली एक पाठ. डोकं उघडं होतं. मानेपासून वर हॅटीच्या रेषेपर्यंत रापलेलं, त्याच्या वर बाळासारखं पांढरं. हॅट हातात होती, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

मी झडप लावली.

"काय गं?" व्हिटस म्हणाला. "पांढरीफटक पडलीस."

मला हसू आलं. खरं सांगते, आधी हसूच आलं, इतकं की खुर्ची धरावी लागली. तो नव्हता जाणार. मेंदी त्याच्यासाठी फिरली नव्हती. बिल्ल्यावर कुणी काहीही रंगवो, मुकुट माझा होता. झाडाला मालकीण बरोबर माहीत होती. मग रडू आलं, आणि ते स्वतःसाठी होतं, हेही खरंच. मला सोफीचा दिवस बघायचा होता. खुर्ची बाहेर काढायची होती.

"काही नाही," मी डोळे पुसले. "कांद्याचं पाणी."

"कांदा कुठाय? हे बटाटे आहेत."

"ऊठ. बूट घाल. कोठीत चल."

"आता? बाई, शाळा सुटली वाटतं?"

७

ओटिलीबाईंना एक दिवस मिळाला, एमेरामला तीन. मला किती, ते माहीत नाही. शिकवायचं मात्र पुष्कळ आहे.

काल दुपारी आणि आज सकाळी मी त्याला सगळ्या कोठीतून फिरवलं. त्याचा हात धरून त्याच्या बोटांनी कुंड्या वाजवल्या. त्याला आवाज येत नाही, म्हणून पेराला काय जाणवतं ते शिकवलं. ओली कुंडी बोट गिळते, कोरडी परत देते. हे त्याला चटकन कळलं. दगडालाही तसंच असतं म्हणाला. लिंबोणीला मार्च संपेपर्यंत घोटभरच. कण्हेरीचं पान तोंडात घालायचं नाही, ती विषारी असते. खिडकी दुपारी एक तास उघडायची, वारा नसेल तर. तीन संत येऊन जाऊ देत, ऊन कितीही पडो, सोफीच्या आधी एकही कुंडी बाहेर नाही, आणि बाहेर काढली तरी पहिला आठवडा सावलीत.

"आणि मी?" तो म्हणाला. "मला पण सावलीत?"

"तुलाही."

मेंदीभोवतीचे दगड त्याने बघितले. "हे कशाला आणलेस? खांदा निखळवून घ्यायचा होता का?"

"आता नकोत ते," मी म्हटलं. पण काढले नाहीत. ते त्याने सरकवल्याचं मी ऐकलं आहे.

त्याने माझ्याकडे निरखून बघितलं. तो बहिरा आहे, मूर्ख नाही. मग त्याने माझ्या एप्रनच्या खिशातून खडू काढला आणि स्वतःच्या खिशात टाकला. 

आता मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. डावा हात जड झालाय, उजवा चालतो. भिंतीपलीकडे व्हिटस एकटाच फिरतोय. एक कुंडी वाजते, मग पावलं, मग दुसरी. मधूनमधून झारीचं पाणी. जास्त ओतत नाहीये, मी कान देऊन ऐकतेय.

मी त्याला सगळं शिकवलं. कुंडीला सांगायचं ते वाक्य मात्र शिकवलं नाही. ते त्याला येतं.